निवडुंगाचे निर्माल्य

फुलझाडांच्या बाबतीत निसर्गाने माणसाची एक मोठी सोय करून ठेवली आहे. फुलाचे काम झाले की ते आपले आपण खाली येते. प्राजक्त तर सुकायचीसुद्धा वाट पाहत नाही. पहाटे अंगणात सडा टाकून मोकळा होतो. जास्वंद पाकळ्या गुंडाळून घेते आणि एक-दोन दिवसांत गळून पडते. गुलाबाच्या पाकळ्या वाऱ्याने उडतात, तेवढ्या केरसुणीने गोळा केल्या की झाले. निवडुंग मात्र या बाबतीत अगदी चिवट. त्याचे फूल एक दिवस, फार तर चार-पाच दिवस मिरवते. आणि मग त्याचा जो वाळका बोळा होतो, तो आठवडेच्या आठवडे काट्यांच्या बंदोबस्तात तसाच बसून राहतो. लग्न होऊन पंधरा दिवस उलटले तरी दाराला लोंबत राहिलेले सुकलेले तोरण पाहून जसे वाटते, तसे त्याच्याकडे पाहून वाटते.

आमच्या पुण्याच्या घराला पूर्वेची गॅलरी आहे आणि तीत निवडुंगाच्या चाळीसएक कुंड्या आहेत. म्हणजे वर्षातले निदान चार महिने हे काम माझ्यामागे असते. “निवडुंगाची वाळलेली फुलं काढत होते,” असे फोनवर सांगितले की पलीकडचे माणूस आधी गप्प होते आणि मग हसते. गव्हातले खडे वेचणे, वाल सोलणे ही कामे लोकांना कळतात. हे काम त्यांना रिकामटेकडेपणाचे वाटते. वाटो. ज्याने एकदा हे केले आहे त्याला ठाऊक आहे की यात घाई चालत नाही, आणि ज्या कामात घाई चालत नाही असे दुसरे काम आता घरात फारसे उरलेले नाही.

साधने म्हणाल तर थोडी. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांकडे असतो तसा लांब, बोथट टोकांचा चिमटा, एक जुना दात घासायचा ब्रश, चष्मा, आणि सकाळचे ऊन. हातमोजे घालावेत असे पुस्तके सांगतात. ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी मोजे घालून हे काम कधी केले असेल असे मला वाटत नाही. एक तर जाड मोज्यातून बोटाला काही कळत नाही. आणि फड्या निवडुंगाची बारीक कुसळे एकदा मोज्यात शिरली की मोजाच टाकून द्यावा लागतो.

शिवाय प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मॅमिलेरिया म्हणून एक लहान, गोल, गाठी-गाठींचा निवडुंग असतो. त्याच्या डोक्यावर गुलाबी फुलांचे कडे उमटते, जणू बाळाला टोपडे घातले आहे. ती फुले वाळली की कागदाच्या पिळासारखी होतात आणि काट्यांत अडकून बसतात. काही जातींचे काटे गळासारखे वाकडे, त्यांच्यातून ओढू जाल तर फूल राहते आणि बोट अडकते. एकिनॉप्सिसची गोष्ट वेगळी. त्याचे पांढरे फूल वीतभर लांब, लवदार नळीच्या टोकावर संध्याकाळी उमलते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओल्या फडक्यासारखे मान टाकते. दोन-चार दिवस ते असे लिबलिबीत असते, मग हळूहळू तपकिरी, कडक दोरी होते. या ओल्या अवस्थेत त्याला हात लावायचा नाही. ओढाल तर नळीबरोबर अंगाची सालही येते.

याचे कारण निवडुंगाच्या बांधणीतच आहे. जास्वंदीत बीजकोश फुलाच्या आत बसलेला असतो. निवडुंगाचा बीजकोश फुलाच्या खाली, झाडाच्या अंगाशी एकजीव झालेला. बाजारातून कोवळी काकडी आणतो तेव्हा तिच्या टोकाला वाळके फूल चिकटलेले असते, पाहा. काकडी खाली, फूल वर. अगदी तसेच. फूल वाळते तेव्हा खाली कदाचित काहीच नसते, कदाचित फळ धरलेले असते, आणि वरून पाहून ते सांगता येत नाही. म्हणजे आपण चिमट्यात जे धरले आहे ते मेलेले फूल आहे की कुणाच्या डोक्यावरची टोपी आहे, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो.

ठेवावे म्हटले तर पावसाळ्याची भीती. जूननंतर त्या वाळक्या बोळ्यात पाणी मुरते, त्यावर करडी बुरशी धरते आणि ती खाली अंगात उतरते. दहा-दहा वर्षांची झाडे एका पावसाळ्यात अशी पिठल्यासारखी मऊ होऊन गेलेली मी पाहिली आहेत. आणि काढावे म्हटले तर फळाला मुकण्याची भीती. मध्यममार्ग म्हणजे वाट पाहणे आणि अधूनमधून हात लावून पाहणे.

हे हात लावून पाहणे मी पुस्तकातून शिकले नाही. मला ते माझ्या सासूबाईंनी शिकवले. गंमत अशी की घरात निवडुंग नको म्हणून पहिल्या दिवसापासून हट्ट धरून बसल्या होत्या त्याही त्याच.

1998 साली मामंजी गेले आणि सासूबाई वाईकडचे घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. गॅलरीचे दार उघडले आणि म्हणाल्या, “अगं, हे काय? काटेरी झाडं दारात ठेवलीस? भांडणं होतात घरात.” मी म्हटले, “आई, आमची भांडणं झाडांच्या आधीपासूनची आहेत.” त्या हसल्या नाहीत. पुढे आषाढात नाना पेठेत तुकोबांची पालखी आली, तेव्हा मी त्यांना निवडुंग्या विठोबाच्या देवळात घेऊन गेले. निवडुंगाच्या बनात मूर्ती सापडली म्हणून देवाला हे नाव पडले असे सांगतात. परत येताना रिक्षात मी सहज म्हटल्यासारखे म्हटले, “बघा, देवालासुद्धा निवडुंगात राहणं चाललं.” त्यावर त्या तत्काळ म्हणाल्या, “देव निवडुंगातून बाहेर आला म्हणून देऊळ झालं. देवळात कुणी निवडुंग नेला नाही.” यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचत नाही.

गॅलरीत त्या फक्त एका झाडासाठी जात, ते म्हणजे ब्रह्मकमळ. ते मात्र त्यांच्या फार मर्जीतले. पावसाळ्यात त्याच्या कडांना कळ्या धरल्या की रोज मोजत. 2001 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री सात फुले एकदम उमलायची होती. आमच्या इमारतीत अशा रात्री मोठा समारंभ असतो. नऊ वाजल्यापासून बायका येऊ लागतात, मुले जागी राहतात, गॅलरीतला दिवा मालवून मेणबत्ती लावतात, आणि फुले उघडत जातात तसा वास जिन्यापर्यंत पोचतो. मी रिवाजाप्रमाणे हळदीकुंकवाचे ताट केले. ताट बाहेर आले आणि आठ दिवस कळ्या मोजणाऱ्या सासूबाई उठून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. कुणी काही बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती. त्यांच्या पिढीच्या बाईला ताट दिसले की पुरते.

पहाटे पाच वाजता मी उठले तर त्या गॅलरीत होत्या. सातही फुले माना टाकून लोंबत होती. एकेकाची नळी त्या अंगठा आणि तर्जनीत धरत, किंचित फिरवत, आणि सुटेल ते फूल ओंजळीत घेत. पूजेत आदल्या दिवसाचे निर्माल्य काढताना हुंगून बाजूला ठेवतात, तसे त्यांनी प्रत्येक फूल हुंगले. “अजून वास आहे थोडा,” म्हणाल्या. दोन फुले सुटली नाहीत, ती तशीच ठेवली. “ही उद्या देतील.”

पुढच्या वर्षी मी ताट केले नाही, मसाला दूध केले. सासूबाईंची खुर्ची झाडाच्या अगदी शेजारी ठेवली. एक शेजारीण जरा आश्चर्याने म्हणाली, “हे काय, कुंकू नाही का लावायचं?” त्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या खुर्चीसमोर देता येण्यासारखे नव्हते. मी म्हटले, “अहो, हे फूल निवडुंगाचं आहे. त्याला हळदीकुंकू करत नाहीत.”

असा काही शास्त्रार्थ कुठेही नाही. पण पहिले वाक्य मात्र शंभर टक्के खरे होते. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर, थंडीत फुलते. आपण महाराष्ट्रात कुंड्यांतून ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलम. मेक्सिकोकडचा, दुसऱ्या झाडांच्या आधाराने वाढणारा निवडुंग. त्याची पाने म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो ती पाने नव्हेतच, ती चपटी खोडे. काटे नाहीत म्हणून कुणाला संशय येत नाही, इतकेच. हे सगळे मी मेणबत्तीच्या उजेडात सांगितले. मंडळी अवाक झाली. दोघीतिघींनी दुधाचा पेला खाली ठेवला. आणि सासूबाई खुर्चीवरून माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू घरातल्या लाडक्या जावयाचे गोत्र आज भलतेच निघाले आहे.

सकाळी त्यांनी विचारले, “खरंच निवडुंग?” मी एक लोंबते फूल दाखवले, नळीच्या बुडाशी असलेला हिरवट फुगवटा दाखवला. त्यांनी तो दाबून पाहिला आणि अचानक म्हणाल्या, “म्हणजे बोंडच की हे.” आणि मग त्यांचे लहानपण निघाले. त्यांच्या माळावर फड्या निवडुंगाची बने होती. पिवळे फूल सुकते, पडते, त्या जागी वाटीसारखा खळगा राहतो, खालचे बोंड लालभडक होते. ते पाल्याने घासून, कुसळे झाडून खायचे. ओठ रंगतात, जिभेत एखादे कूस राहतेच, आणि संध्याकाळी घरी बोलणी बसतात. “कच्च्याचं फूल सुटत नाही. पिकू लागलेल्याचं बोट लावलं की येतं. आम्ही फुलाला आधी विचारायचो.”

आता फड्या निवडुंगसुद्धा मूळचा आपला नव्हे, अमेरिकेतलाच. तो इथे इतका माजला की त्याला खाणारे किडे बाहेरून आणावे लागले. त्यातला पहिला किडा 1795 मध्ये आला तो चुकून. लाल रंग देणारा मौल्यवान किडा म्हणून आणला, तो निघाला दुसराच; रंग काही मिळाला नाही, पण एका जातीचा निवडुंग मात्र त्याने साफ करून टाकला. दुसऱ्या जातीसाठी 1926 मध्ये सिलोनहून किडा आणला, तो मात्र समजून-उमजून. हे मी सासूबाईंना सांगितले. “एवढा खटाटोप कशाला,” त्या म्हणाल्या, “पोरांना सोडायचं.”

त्या दिवसापासून चिमटा माझ्या हातून गेला. आंघोळ, पूजा, देवाचे निर्माल्य, आणि मग गॅलरीतले निर्माल्य, असा त्यांचा क्रम ठरला. मी शब्दाला हरकत घेतली. “आई, देवाला वाहिलेलं फूल काढलं तर ते निर्माल्य. हे कुठं कुणाला वाहिलंय?” त्या म्हणाल्या, “तुला काय ठाऊक?” आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या. चिमटा त्यांनी फार वापरला नाही. वाळके फूल दोन बोटांत धरून अगदी थोडा पीळ द्यायच्या, किल्ली कुलुपात फिरते की नाही पाहावे इतका. फिरले तर घ्यायचे. नाही फिरले तर राहू द्यायचे. त्यांच्या बोटांना काटे टोचत नसत असे नाही. पण साठ वर्षे दूर्वा निवडलेली बोटे ती, कुठे शिरायचे ते त्यांना कळे.

एकदा मात्र एका कुंडीने त्यांना तीन महिने हुलकावणी दिली. कुणी तरी वाढदिवसाला दिलेला तो लहानसा निवडुंग होता आणि त्याच्या टाळूवर कुरकुरीत, झगझगीत केशरी फूल. ते सुकेना. पावसाळी दिवशी मिटायचे, ऊन पडले की उघडायचे. सासूबाईंना ते फार गुणी वाटू लागले. शेवटी न राहवून त्यांनी पीळ दिला, तर फूल डिंकाच्या खपलीसकट आणि तीन काट्यांसकट हातात आले. विकणाऱ्यांनी दुसऱ्याच झाडाचे न सुकणारे कागदी पोताचे फूल वर चिकटवून दिले होते. असे सर्रास करतात. त्या फुलाच्या पाकळ्या दमट हवेत मिटतात आणि कोरड्या हवेत उघडतात, त्याला जिवंत असण्याची गरज नसते. सासूबाई ते हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. “फूल कसलं, टिकली लावलीय मेल्यांनी,” म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले.

2006 च्या जुलैत एक प्रसंग जिवावरचा आला. आमचा सर्वांत जुना एकिनॉप्सिस अवेळी फुलला होता. परिचयातले एक गृहस्थ, बागकामातले सगळे येणारे, चहा पिता पिता गॅलरीत गेले आणि “हे असं ठेवायचं नसतं” म्हणत ओले फूल त्यांनी सरळ उपटले. सालीचा रुपयाएवढा तुकडा बरोबर आला. बाहेर संततधार. चौथ्या दिवशी त्या जागी तपकिरी डाग, आठव्या दिवशी बोट आत जाईल असा मऊपणा. मी सुरी निर्जंतुक करून सडके कापायला घेतले. चकतीमागून चकती काढत गेले. प्रत्येक चकतीत मधोमध तपकिरी कडे दिसायचे. ते कडे जोवर दिसते तोवर आजार आहे असे समजायचे. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. पंधरा वर्षांच्या झाडाचा अखेर मुठीएवढा शेंडा उरला, तेव्हा कुठे आतला गर स्वच्छ निघाला. सासूबाईंनी कापल्या जागी हळद दाबली. मी तो तुकडा वर्तमानपत्रावर कपाटाच्या माथ्यावर कोरडा ठेवला. तीन आठवडे त्या रोज स्टुलावर चढून बघत. त्यांचे वय तेव्हा शहात्तर. पण त्या बाबतीत त्यांना बोलायची कुणाची छाती नव्हती. सप्टेंबरात वाळूत ठेवला, त्याने मुळे धरली. ते गृहस्थ पुढे आले की सासूबाई गॅलरीचे दार लावून घेत.

मॅमिलेरियाची फुले त्या बहुधा काढतच नसत, गॅलरीत आडोशाला पाऊस पोचत नाही तिथे त्या कुंड्या ठेवायला लावत. फूल वाळून सहा-सात महिने काहीही होत नाही. झाड विसरले असावे असे वाटते. आणि मग एके दिवशी काट्यांमधून लाल, लांबट फळे वर सरकतात, प्रत्येकाच्या टोकाला ते जुने वाळके फूल घेऊन. गोल डोक्याभोवती पोवळ्यांची माळ घातल्यासारखे दिसते. 2007 च्या थंडीत त्यांनी अशी फळे फोडून खसखशीहून बारीक बी काढले आणि मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओल्या वाळूवर पेरले. झाकण लावले. पंधरवड्यात मोहरीएवढे हिरवे ठिपके उगवले. शेजारच्या मुलाने विचारले, “आजी, यांना फुलं कधी येणार?” “चार वर्षांनी,” त्या म्हणाल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिले आणि पुढे विचारले नाही. शहाणा मुलगा.

फुले आली ती 2011 च्या मार्चमध्ये. सतरा रोपे जगली होती, पाच फुलली. त्यांनी ती पाहिली, आणि मेमध्ये वाळलेली फुलेही एकेक पीळ देऊन पाहिली. त्यानंतरचीही पाच वर्षे त्यांना मिळाली. 2016 मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांची रोपे सातारा, नाशिक, ठाणे अशी नातेवाइकांच्या घरी पोचली होती. काटेरी झाड दारात नको म्हणणाऱ्यांच्यासुद्धा.

आता चिमटा पुन्हा माझ्याकडे आहे. दिवाळीची झाडलोट निघाली की मी आधी गॅलरी घेते. पाऊस संपलेला असतो, ऑक्टोबरच्या उन्हात सगळे खडखडीत वाळलेले असते, आणि जे सुटायचे ते बोट लावताच सुटते. यंदा परडीभर निघाली. त्यांच्या सतरांपैकी माझ्याकडे उरलेल्या तीन कुंड्यांना मात्र मार्चपासून हात लावलेला नाही. गेल्या मंगळवारी एकीच्या काट्यांत लाल टोक दिसले. उरलेल्या दोन अजून गप्प आहेत. परवा जरासा पीळ देऊन पाहिला, फिरले नाही.